पडद्यावरील प्रेम आणि पडद्याबाहेरचा माणूस

(युवा कार्यकर्त्यांच्या निवासी अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या शिबिरात मी सहकारी पतपुरवठ्यावर बोलावे असे ठरले होते आणि त्याची टिपणेही मी करून आणली होती. परंतु काल रात्री जेवणानंतर आपल्यापैकी काहीजणांत जो वाद झाला तो मी बाजूला बसून ऐकला, आणि आज सकाळी संयोजकांना विनंती करून विषय बदलून घेतला. पतपुरवठ्याचा प्रश्न उद्याही राहणारच आहे. कालचा वाद मात्र तसाच अर्धवट राहिला, तर आपले दोन चांगले कार्यकर्ते एकमेकांशी बोलेनासे होतील अशी मला धास्ती वाटली.

वाद होता ‘बॉईज लव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालिकांविषयी. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन तरुण पुरुषांमधील प्रेम हा या मालिकांचा विषय. उगम जपानमधला, आज त्या जपानखेरीज तैवान, दक्षिण कोरिया आणि विशेषेकरून थायलंड या देशांत तयार होतात. मूळ कथा लिहिणाऱ्या बहुतांशी स्त्रिया, आणि पाहणाऱ्यांतही तरुण स्त्रियांचा भरणा मोठा. आपली एक कार्यकर्ती म्हणाली की, समलिंगी माणसाकडे माणूस म्हणून पाहायला आपल्याला या मालिकांनी शिकवले. घरातून किंवा शाळेतून हे शिक्षण कधीच मिळाले नव्हते. त्यावर आपला एक समलिंगी सहकारी म्हणाला, “या मालिकांना माझ्यासारख्यांचा तिटकाराच आहे. त्यांना आमचे प्रेम हवे आहे, आम्ही नको आहोत.”

या वाक्याने मला रात्री झोप लागू दिली नाही. मी अर्थशास्त्राचा शिक्षक. नाट्यसमीक्षा हा माझा प्रांत नव्हे. 2020 च्या टाळेबंदीत माझी नात आमच्याकडे अडकून पडली होती. ती या मालिका पाहत असे, आणि घरात दुसरे काही करण्यासारखे नसल्यामुळे मीही तिच्या शेजारी बसून पाहू लागलो. पुढे ती आपल्या घरी गेली, तरी मी पाहत राहिलो. तेवढ्याच अधिकाराने बोलतो आहे.

वाद नवा नाही

1970 च्या दशकात जपानमधील काही तरुण चित्रकथाकार स्त्रियांनी मुलींच्या मासिकांतून मुलांच्या परस्परप्रेमाच्या कथा लिहावयास आरंभ केला. मोतो हागिओ यांची ‘तोमाचे हृदय’ ही कथा 1974 ची, तर केइको ताकेमिया यांची ‘वारा आणि झाड यांचे गीत’ 1976 मध्ये सुरू झाली. पहिली जर्मनीतील मुलांच्या वसतिशाळेत घडते, दुसरी फ्रान्समधील. मुलींनी हे का वाचावे, असा प्रश्न पडेल. त्याचे मला पटलेले उत्तर असे की, स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत नायिकेला लग्न, सासर, स्वयंपाकघर आणि बाळंतपण यांचा हिशेब चुकवता येत नाही. दोन मुलांच्या कथेत वाचणाऱ्या मुलीला तो भार बाजूला ठेवून प्रेमाचा विचार करता येत होता. म्हणजे या कथांच्या मुळाशी स्त्रियांच्या कोंडमाऱ्यातून निघालेली एक वाट आहे. ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

पण वाट काढताना आपण कोणाच्या अंगणातून जातो आहोत, हेही पाहावे लागते. 1992 मध्ये मासाकी सातो या समलिंगी कार्यकर्त्याने एका छोट्या स्त्रीवादी नियतकालिकात लिहून या कथांवर कडक हल्ला चढवला. पुरुष ज्या लंपट नजरेने स्त्रीदेहाकडे पाहतात, त्याच नजरेने या वाचक स्त्रिया समलिंगी पुरुषांकडे पाहतात, हा त्याचा मुख्य आक्षेप. कथांतील रूपवान तरुणांमुळे सामान्य चेहऱ्याच्या, सामान्य शरीराच्या समलिंगी पुरुषाला स्वतःचीच घृणा वाटू लागते, ही त्याची दुसरी तक्रार. त्यावर जपानमध्ये काही वर्षे वाद चालला. काही स्त्रियांनी चूक मान्य केली. काहींनी उत्तर दिले की, या कथांतील पुरुष म्हणजे प्रत्यक्षातले समलिंगी पुरुष नव्हेतच. ते आमच्या कल्पनेतले आहेत, तेव्हा त्यांच्यावरून कोणी अपमान मानून घेण्याचे कारण नाही.

हे उत्तर मला अपुरे वाटते. दलित साहित्याच्या निमित्ताने सहानुभूती आणि स्वानुभव यांचा वाद मराठीत किती वर्षे चालला हे येथे बसलेल्यांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या वादातून आपण एक गोष्ट शिकलो. दुसऱ्याचे जगणे लिहिण्याला कोणाची बंदी नाही. परंतु ज्याचे जगणे उचलले त्याने हिशेब मागितला, तर ‘ती केवळ कल्पना आहे’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

आरोपातील तथ्य

तर आता हिशेब पाहू. आपल्या सहकाऱ्याच्या आरोपात तथ्य आहे, आणि ते मला चार ठिकाणी दिसते.

पहिले, नाव नाकारणे. या कथांतले एक ठरून गेलेले वाक्य आहे: मी समलिंगी नाही, मला पुरुष आवडत नाहीत, फक्त तूच आवडतोस. ऐकायला ते मोठे काव्यमय वाटते. पण अर्थ काय होतो? प्रेमाची थोरवी वाढवण्यासाठी ते ‘तसल्या’ माणसांपासून वेगळे काढून दाखवावे लागते. अकिको मिझोगुची या जपानी अभ्यासक स्वतः समलिंगी आहेत आणि या कथांच्या चाहत्याही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी 1990 च्या दशकातील या ठराविक साच्यातला समलिंगीद्वेष स्पष्टपणे दाखवून दिला. त्याचबरोबर, पुढच्या काळात याच प्रकारात त्या द्वेषावर मात करण्याच्या वाटा शोधणाऱ्या कथा निर्माण झाल्या, असेही त्यांनी मांडले. ही दुसरी बाजू मी नंतर घेणार आहे.

दुसरे, जबरदस्ती. 2019 मधील ‘थार्नटाइप’ ही थाई मालिका घ्या. तिच्यातील एक नायक लहानपणी झालेल्या अत्याचारामुळे समलिंगी पुरुषांचा द्वेष करतो, आणि वसतिगृहात त्याला खोलीसोबती मिळतो तो नेमका समलिंगी. विषय किती गंभीर! परंतु त्याच मालिकेत आरंभी झोपेत किंवा नशेत असलेल्या सोबत्याला त्याच्या संमतीवाचून केलेले स्पर्श शेवटी प्रेमाच्याच खात्यावर जमा होतात. समलिंगी पुरुषांच्या जवळ राहणे धोक्याचे असते, हा समाजातला जुना खोटा प्रवाद यातून नकळत पक्का होतो.

तिसरे, नवरा-बायकोची वाटणी. दोघांपैकी एक उंच, करारी आणि पुढाकार घेणारा. दुसरा नाजूक, लाजरा आणि वाट पाहणारा. मित्रमंडळी दुसऱ्याला ‘बायको’ म्हणून चिडवणार. म्हणजे स्त्रीला कथेतून बाहेर काढले तरी तिच्या वाट्याची दुय्यम जागा तशीच राखून ठेवली आणि तेथे दुसऱ्या कोणाला तरी बसवले. पुरुषसत्तेचा हा साचा समलिंगी पुरुषावर लादणे हा त्याचा अपमान आहेच. त्याहून अधिक तो स्त्रीचा अपमान आहे. 

चौथे ठिकाण आपल्याला अधिक जवळचे आहे. आपल्या तमाशात आणि तमाशापटांत ‘नाच्या’ नावाचे पात्र होते. त्याच्या हातवाऱ्यांना हसून पिढ्यान् पिढ्या मोठ्या झाल्या. गणपत पाटील यांनी ती भूमिका इतक्या ताकदीने केली की पडद्यावरची हेटाळणी त्यांच्या घरापर्यंत जाऊन पोचली. पुढे ‘नटरंग’ चित्रपट 2010 मध्ये आला तेव्हा आपण त्या दुःखावर डोळे पुसले. आता या मालिकांतील नायक पाहा. ते सारे देखणे, व्यायाम केलेले आणि चारचौघांत ‘पुरुषी’ म्हणून खपणारे. मग बायकी चालीचा, बायकी बोलण्याचा मुलगा कोठे गेला? तो नायकाचा मित्र म्हणून दोन विनोद करण्यापुरता उरला. ज्या मुलाला शाळेत सर्वांत जास्त मार बसतो, त्यालाच प्रेमाच्या कथेत जागा नाही. आपला सहकारी ‘आम्ही नको आहोत’ असे म्हणाला, त्याचा अर्थ मला या ठिकाणी सर्वांत स्पष्ट कळला.

भाडे, किराणा आणि वारसा

माझ्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक उणीव सांगतो. यांतल्या बहुसंख्य मालिकांना समाजच नसतो. महाविद्यालय असते, पण फीची चिंता नसते. घर असते, पण घरमालक नसतो. आईवडील एका भागात रडतात आणि पुढच्या भागात मिठी मारतात. हे वाचणारा समलिंगी तरुण मनात म्हणत असेल की, माझे प्रेम यांनी नेले, पण माझी भीती मात्र येथेच टाकून गेले.

असेच असले पाहिजे असे नाही. फुमी योशिनागा या लेखिका याच प्रकारच्या कथांतून पुढे आल्या. ‘काल काय जेवलास?’ ही त्यांची चित्रकथा 2007 पासून चालू आहे, आणि तिच्यावर 2019 मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर मालिका झाली. नायक दोघे: एक चाळिशी ओलांडलेला वकील, दुसरा केशकर्तनकार. वकील महिन्याचा किराणा ठरल्या रकमेत बसवण्यासाठी कोणत्या दुकानात काय स्वस्त आहे ते पाहत हिंडतो, संध्याकाळी येऊन स्वयंपाक करतो, आणि कचेरीत आपल्या जोडीदाराविषयी अवाक्षर काढत नाही. त्यांच्या ओळखीचे एक जोडपे त्याच्याकडे सल्ला मागायला येते. त्यातल्या एकाला आपली कमाई आपल्या पश्चात आईवडिलांकडे जाऊ द्यायची नाही. ती जोडीदारालाच मिळावी अशी त्याची इच्छा आहे. विवाहाचा मार्ग बंद असल्यामुळे जोडीदाराला कायद्याने दत्तक घेण्याचा विचार चालतो! प्रियकराला मुलगा करून घेतल्याशिवाय त्याला वारसा देता येत नाही, या एका प्रसंगाने कायद्यातला अन्याय जितका कळतो तितका दहा व्याख्यानांनी कळणार नाही. भाजीच्या भावापासून मृत्युपत्रापर्यंत सगळे या कथेत आहे, आणि म्हणून तिच्यातले प्रेमही खरे वाटते.

थायलंडमध्येही असे प्रयत्न झाले. 2020 च्या ‘आय टोल्ड सनसेट अबाउट यू’ या फुकेतमध्ये घडणाऱ्या मालिकेत स्वतःच्या मनाला घाबरणारा मुलगा आहे, आणि ती भीती तेथे विनोदावारी नेलेली नाही. 2021 च्या ‘बॅड बडी’ने नवरा-बायकोच्या वाटणीची उघड थट्टा केली. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘नॉट मी’मध्ये भ्रष्ट धनिकाविरुद्ध लढणारे तरुण आहेत, आणि त्यांच्यापैकी दोघे विवाहसमतेच्या मागणीसाठी निघालेल्या निदर्शनात भल्यामोठ्या सप्तरंगी ध्वजाखाली उभे राहतात. तेव्हा हा सबंध प्रकारच समलिंगीद्वेष्टा आहे, असा सरसकट निकाल मला देता येत नाही. साच्यात द्वेष शिरलेला आहे. पण तो साचा मोडणारी माणसेही त्याच घरात काम करीत आहेत.

नफा कोणाचा, हक्क कोणाचा

मात्र ‘नॉट मी’ पाहून हुरळून जाण्याआधी एक विसंगती ध्यानात घ्यावी. भांडवलदाराविरुद्धची ती कथा थायलंडमधील एका बलाढ्य मनोरंजन कंपनीनेच काढली आहे. या मालिका हा तेथे मोठा व्यवसाय आहे. मालिका संपली तरी नटांची जोडी विकली जात राहते: जाहिराती, भेटीचे कार्यक्रम, परदेश दौरे. त्या जोडीने पडद्याबाहेरही चाहत्यांसमोर जवळीक दाखवत राहावे अशी अपेक्षा असते. दोघांपैकी एखाद्याची प्रेयसी असल्याची कुणकुण लागली तरी गहजब होतो. जो नट स्वतः समलिंगी असेल त्याने ते उघड सांगावे की गिळून टाकावे, हेही बाजारच ठरवू पाहतो. येथे नटाचे खाजगी आयुष्य हाच कच्चा माल आहे. चाहत्या मुलींना यासाठी दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. मागणी त्यांची असेल. पण तिला हे वळण लावणारा विक्रेता वेगळा आहे.

थायलंडमध्ये विवाहसमतेचा कायदा 23 जानेवारी 2025 रोजी अमलात आला. आग्नेय आशियातला तो पहिलाच. मालिकांनी लोकांची नजर सरावली आणि त्यामुळे वातावरण थोडे निवळले, एवढे श्रेय मी त्यांना आनंदाने देईन. पण कायदा झाला तो संसदेत मसुदे मांडणाऱ्यांमुळे आणि रस्त्यावर उतरलेल्या माणसांमुळे. त्यांच्यात मालिकेत न शोभणारे, साधे, वयस्क, बायकी म्हणून हिणवलेले अनेकजण होते. 

उलट चीनकडे पाहा. तेथे समाज बिघडेल म्हणून अशा कथांवर बंदी घातली गेली. 2016 मध्ये ‘अॅडिक्टेड’ ही लोकप्रिय मालिका शेवटचे भाग दाखवण्याआधीच उतरवण्यात आली. 2017 मध्ये इंटरनेटवरील कार्यक्रमांच्या नियमावलीत समलिंगी संबंधांना विकृत संबंधांच्या यादीत टाकले गेले. 2018 मध्ये अशा कथा लिहून विकणाऱ्या एका लेखिकेला न्यायालयाने साडेदहा वर्षांची कैद ठोठावली. 2019 मध्ये ‘द अनटेम्ड’ गाजली, पण मूळ कादंबरीतील प्रेमाची मालिकेत मैत्री करावी लागली. 2021 मध्ये तर पडद्यावर ‘बायकी’ पुरुष दाखवू नयेत असेच सरकारी फर्मान निघाले. येथे समलिंगीद्वेष शोधायला भिंग लागत नाही. जो कोणी या मालिकांचे दोष दाखवून बंदी मागेल त्याने हा अनुभव समोर ठेवावा. बंदीने दोष जात नाही. सदोष का होईना, जो चेहरा दिसत होता तोही नाहीसा होतो.

माझे स्वतःचे एक देणे

आता एक गोष्ट सांगतो आणि आवरते घेतो. 1995 च्या सुमारास पदव्युत्तर वर्गातला एक विद्यार्थी तास संपल्यावर माझ्याकडे आला. अवर्षणग्रस्त तालुक्यातला, वसतिगृहात राहणारा, अभ्यासू मुलगा. घरी त्याचे लग्न ठरत होते. त्याला काय सांगायचे होते ते त्याने पंधरा मिनिटे अडखळत सांगितले. त्यासाठी त्याच्याजवळ शब्द नव्हता. इंग्रजी शब्द त्याला ठाऊक नसावा, आणि मराठीतले जे ठाऊक होते ते सारे शिव्यांचे होते. मी काय केले? देशापुढे किती मोठे प्रश्न आहेत ते त्याला ऐकवले, आणि वर म्हणालो, “लग्न कर. हळूहळू सवय होईल.” तो ‘बरं सर’ म्हणून गेला. त्याने लग्न केले. त्यातून दोन माणसांचे आयुष्य नासले, आणि त्यातल्या एका माणसाला तर मी कधी पाहिलेही नव्हते.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधील परस्परसंमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. त्या रात्री त्याचा दूरध्वनी आला, तेवीस वर्षांनी. तो एवढेच म्हणाला, “सर, आजचा निकाल ऐकलात ना?” मी ‘हो’ म्हणालो. मला माफी मागायची होती, ती त्या वेळी मागता आली नाही. पुढे पत्राने मागितली.

मी त्या मुलाचा कधी द्वेष केला नव्हता. तो माझा आवडता विद्यार्थी होता. म्हणून आज मला कोणी विचारले की, द्वेष नसताना समलिंगीद्वेष असू शकतो काय, तर मी स्वतःकडे बोट दाखवीन. समोरचा माणूस पूर्ण ऐकून न घेता त्याच्यातले आपल्या सोयीचे तेवढे ठेवणे आणि बाकीचे पुसून टाकणे, हे मी केले. त्याच्यातला हुशार विद्यार्थी मला हवा होता, बाकीचा तो नको होता. या मालिका प्रेम तेवढे ठेवतात. काम एकाच जातीचे आहे.

आमच्या त्या कार्यकर्तीला माझे सांगणे असे: बाई, तुम्ही जे शिकलात ते खरे आहे, त्याची लाज बाळगू नका. पण मालिका पाहताना चार प्रश्न विचारत जा. या प्रेमाला आपले नाव घेण्याची मुभा आहे काय? यात संमती आहे काय? बायकी म्हणून ज्याला हसतात त्याला येथे कोणती जागा आहे? आणि दोघांना भाड्याचे घर कोण देणार, आजारपणात सही कोण करणार? आपल्या देशात 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले आणि प्रश्न कायदेमंडळाकडे सोपवला. पडद्यावरच्या जोडीसाठी ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांनी या प्रश्नावर आपल्या गावातल्या सभेत एक ठराव मांडावा. तेथे तुमची खरी परीक्षा आहे.

आणि आमच्या त्या सहकाऱ्याला सांगतो: तुमचा राग रास्त आहे. तो गिळू नका, लिहून काढा. तुमची गोष्ट कोणा परदेशी कंपनीने सांगावी म्हणून आपण थांबण्याचे कारण नाही. मात्र समोर बसलेली ही मुलगी तुमची शत्रू नाही. ती ज्या दारातून आत आली ते दार तुम्हाला आवडले नसेल. पण ती आत आली आहे, आणि तुमच्याशेजारी बसायची तिची तयारी आहे. माझ्या विद्यार्थ्याला 1995 मध्ये असे शेजारी बसणारे कोणीही नव्हते.

एवढे बोलून मी थांबतो. पतपुरवठ्याची टिपणे संयोजकांकडे देऊन जातो. ती सवडीने वाचावीत.